घंटा आणि रिंगटोन



आपली बॅच मार्च १९९५ मध्ये दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडली. त्याच वर्षी ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. आपल्या वेळी वर्गात जप्त व्हायचा तो फार तर मॅचच्या दिवशी दप्तरात लपवलेला ट्रान्झिस्टर. (तो स्टाफरूममध्ये पुढे चालूच असायचा, हे सरांनी आता कबूल करावे!)

सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे मुलांच्या हाती मोबाइल देणार कोण? २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि काही वर्षांत फोन दप्तरात शिरला. सीबीएसईने २००९ मध्येच परिपत्रक काढून शाळेत मोबाइलवर निर्बंध घातले. फ्रान्सने २०१० मध्ये तासापुरती बंदी केली आणि २०१८ मध्ये ती प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या साऱ्या आवाराला लावली.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात सर्वांत बोलके वाटते ते न्यूयॉर्क. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात तिथल्या सरकारी शाळांत फोन आणायलाच मनाई होती. पालक कोर्टात गेले, हरले. पण ज्या शाळांच्या दाराशी मेटल डिटेक्टर होते, तिथेच नियम खरा लागू झाला. तिथली मुले रोज एक डॉलर मोजून बाहेर उभ्या गाडीत फोन ठेवत. इतरत्र तो दप्तरात निमूट पडून राही. मेटल डिटेक्टर बहुतेक गरीब वस्त्यांतल्या शाळांना. नियम सगळ्यांना, भुर्दंड गरिबाला. २०१५ मध्ये ती बंदी उठली आणि दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, संपूर्ण राज्यात शाळेच्या वेळेपुरती परत आली.

मधल्या काळात करोना येऊन गेला. मार्च २०२० नंतर आम्हीच पालकांना सांगत होतो, मुलाला फोन द्या. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर गेला की पोराची शाळाही गेली. शाळा उघडल्या तेव्हा मुले परत आली ती फोनची सवय घेऊन. ही सवय आम्ही लावली, असे पालक म्हणतात. त्यांना उत्तर देणे सोपे नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. थोरांचेसुद्धा. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या शाळेत सकाळी फोन जमा करायचा नियम केला तेव्हा विरोध मुलांनी कमी आणि पालकांनी जास्त केला. हे पालक आपल्याच वयाचे, बिनफोनचे शिकलेले. "अडीनडीला काय करायचे?" हा त्यांचा प्रश्न. तो खोटा नाही. न्यूयॉर्कच्या पालकांचाही तोच होता.

म्हणून आम्ही आपल्या शाळेची जुनी पद्धत उचलली. आठवते ना, फोन एकच, हेडसरांच्या खोलीत. निरोप आला की शिपाईमामा चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दाराशी. आता आमच्या ऑफिसात दिवसभर एक माणूस फोनपाशी असतो. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गात दोन चिठ्ठ्या आल्या. एक, आजोबांना दवाखान्यात नेल्याची. दुसरी, डबा घरी राहिल्याची.