मद्रासच्या हौशी मंडळींचा रेडिओ

भारतात रेडिओ कधी सुरू झाला, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, २३ जुलै १९२७, मुंबई. मीही बरीच वर्षं हेच सांगत होतो. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं, हे खरंच. पण त्याच्या तीन वर्षं आधीच मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, काही हौशी मंडळी रेडिओवरून कार्यक्रम ऐकवत होती. आज त्यांची गोष्ट.

१६ मे १९२४ ला मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला. यामागची मुख्य धडपड सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांची. ३१ जुलैला प्रक्षेपण सुरू झालं. ट्रान्समीटर किती वॅटचा? फक्त ४०! आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी ताकद. पुढे क्लबने २०० वॅटचा ट्रान्समीटर वापरला. मुंबईच्या कंपनीचा होता १५०० वॅटचा.

मग ऐकायचे कसे? त्या काळी क्रिस्टल सेट चालायचा. खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवायची, घरावर लांब एरियल बांधायची आणि कानाला हेडफोन लावायचे. सेटला वीज लागत नसे. हवेतल्या लहरींच्या ताकदीवरच आवाज यायचा. म्हणून एका वेळी एकदोघांनाच ऐकता येई.

मुंबई आणि कलकत्त्यातही १९२३ सालीच असे क्लब प्रक्षेपण करू लागले होते. पण हौसेला पैसा लागतोच. मद्रासचा क्लब ऑक्टोबर १९२७ मध्ये पैशांअभावी बंद पडला. कंपनीने केंद्रं उघडली ती मुंबई आणि कलकत्त्यात. मद्रासच्या वाट्याला काहीच नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण क्लबने आपला ट्रान्समीटर भंगारात काढला नाही, तो मद्रास महापालिकेला दिला. १ एप्रिल १९३० पासून महापालिकेने स्वतःचं प्रक्षेपण सुरू केलं. गंमत पाहा, कंपनी बुडाल्यावर सरकारने तिची केंद्रं हाती घेतली, तीही याच तारखेपासून. रस्ते, पाणी, दिवाबत्ती बघणारी महापालिका आता संध्याकाळी गाणंही ऐकवू लागली! शाळेतल्या मुलांसाठी संगीताचे धडे आणि गोष्टी असत. मरीनाच्या किनाऱ्यावर लाउडस्पीकर लावले होते. ज्याच्याकडे सेट नाही, तोही वाळूत बसून ऐकू शके. हेडफोनमधला छंद असा गावाचा झाला.

१६ जून १९३८ ला ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू झालं आणि महापालिकेचं प्रक्षेपण थांबलं. मोठा ट्रान्समीटर आला, मोठे कलाकार आले, सोय झाली. पण रेडिओ लहरी सरकारच्या हातात गेल्या. आजही हॅम परवान्यावर दुसऱ्या हॅमशी बोलता येतं, लोकांसाठी गाणी लावता येत नाहीत.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यानंतर नऊ वर्षांनी, १ फेब्रुवारी २००४ ला, देशातलं पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू झालं. ते कुठे? याच चेन्नईत, अण्णा विद्यापीठात.

म्हणून मला १९२७ ही तारीख अपुरी वाटते. ती कंपनीची आणि व्हाइसरॉयची तारीख आहे. त्याआधी हौसेने तारा जोडणाऱ्यांची तारीख कोणी पाठ करत नाही. मरीनावर गेलात, तर थोडा वेळ वाळूत बसा. एका बंद पडलेल्या क्लबचा ट्रान्समीटर इथे अख्ख्या गावासाठी वाजत होता, एवढं आठवा.

भेटू पुढच्या भागात!