पिवळी बाटली

घरातल्या कुणाचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण एक आकडा हमखास शोधतो, क्रिएटिनिनचा. मूत्रपिंडं नीट चालली आहेत ना, ते सांगणारा हा आकडा. तो काढायची जुनी आणि अजूनही जगभर वापरात असलेली रीत ज्या पिवळ्या रसायनावर उभी आहे, ते एके काळी तोफगोळ्यांत भरत असत. मला हे इथे कॅनडात येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

रसायनाचं नाव पिक्रिक आम्ल. ग्रीकमध्ये 'पिक्रोस' म्हणजे कडू. १७७१ मध्ये पीटर वुल्फ या रसायनशास्त्रज्ञाने नीळ आणि नायट्रिक आम्ल यांच्यापासून ते बनवलं. रेशीम त्यात झकास पिवळं होई, त्यामुळे बराच काळ त्याची ओळख रंग म्हणूनच राहिली. ते स्फोटक आहे हे १८७० च्या दशकात हेर्मान स्प्रेंगेलने दाखवलं. १८८५ मध्ये यूजेन तुर्पँ या फ्रेंच माणसाने ते तोफगोळ्यात भरायची युक्ती शोधली.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, माक्स याफे या जर्मन वैद्याला दिसलं की अल्कलीच्या सोबतीने पिक्रिक आम्ल आणि क्रिएटिनिन एकत्र आले की नारिंगी-तांबडा रंग येतो. १९०४ मध्ये ओटो फोलिनने त्या रंगाच्या गडदपणावरून क्रिएटिनिन मोजायची पद्धत बसवली. मधल्या काळात, १८९७ मध्ये, पोल बूआँने शरीरातल्या पेशींचे नमुने टिकवायला पिक्रिक आम्ल, फॉर्मालिन आणि ॲसेटिक आम्ल यांचं मिश्रण काढलं. अशा रीतीने युद्धाचा माल दवाखान्याच्या कपाटात येऊन बसला.

त्याची ताकद केवढी, ते इथल्या हॅलिफॅक्स शहराने पाहिलं. ६ डिसेंबर १९१७ रोजी 'मों-ब्लां' हे फ्रेंच जहाज बंदरात दुसऱ्या जहाजावर आदळलं. त्यावर दोन हजार टनांहून अधिक पिक्रिक आम्ल होतं, शिवाय टीएनटी आणि बेंझॉलची पिंपं. आधी आग लागली आणि ती बघायला लोक खिडक्यांशी जमले. सकाळी ९ वाजून ४ मिनिटांनी जहाज फुटलं. पावणेदोन हजारांवर माणसं गेली, सुमारे नऊ हजार जखमी झाली.

प्रयोगशाळेतली बाटली म्हणजे जहाज नव्हे, हे उघड आहे. तिच्यात त्या मानाने अगदी थोडी पूड असते आणि ती पाण्याने ओली ठेवलेली असते. सगळी सुरक्षितता त्या पाण्यात आहे. ओलं पिक्रिक आम्ल शांत असतं, वाळलेलं मात्र धक्क्याने किंवा घर्षणाने फुटू शकतं. त्यातच धातूशी संयोग झाला की होणारे क्षार त्याहून तापट. म्हणून झाकण धातूचं नको. झाकणाच्या आट्यांत सुके स्फटिक अडकले असतील, तर नुसतं झाकण पिळणंही जिवावर बेतू शकतं.

इथे प्रशिक्षणात आम्हाला सांगितलेले नियम अगदी साधे आहेत. बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहा. ठरावीक काळाने ओल तपासा. लागेल तेवढंच मागवा. आणि बाटली कोरडी पडलेली दिसली, तर तिला हात लावू नका, झाकण उघडू नका, पाणी घालायलाही जाऊ नका. लोकांना दूर करा आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या तज्ज्ञांना बोलवा.

आता बहुतेक ठिकाणी यंत्रासाठी तयार, पातळ द्रावण येतं. त्याची ही भीती नाही. भीती आहे ती जुन्या बाटलीची. मागवणारे डॉक्टर निवृत्त झाले, पद्धत बदलली, लेबल पुसट झालं, पण बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत तशीच राहिली. पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत गेलं. मग एखाद्या दिवशी साफसफाई निघते आणि ती बाटली हातात येते ती मदतनिसाच्या, ज्याला पिक्रिक आम्ल हे नावही कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्यापैकी कुणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात असाल, तर जुन्या साठ्याची यादी एकदा काढून बघा. त्यात पिक्रिक आम्ल निघालं, तर कपाट आवरायला माणूस पाठवण्याआधी ती यादी त्याला समजावून सांगा.