दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील ख्रिस्ती नित्यजीवन

जबल अलीलगतच्या या वसाहतीत कारखाने, गोदामे, घरे व कामगार-निवास शेजारी-शेजारी आहेत. येथील ख्रिस्ती रहिवाशांना जवळची उपासनास्थळे म्हणजे जबल अलीतील असिसीचे संत फ्रान्सिस कॅथलिक चर्च (२००१) व अँग्लिकन ख्राइस्ट चर्च. दुबईतील पहिले कॅथलिक चर्च, सेंट मेरीज, दुबईचे तत्कालीन शासक शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ मध्ये उभे राहिले.

साप्ताहिक सुटी शुक्रवारी असल्याने मुख्य मिस्साही दीर्घकाळ रविवारऐवजी शुक्रवारीच होई. गोवा-वसईहून आलेल्यांना ही अदलाबदल आधी खटके, मग अंगवळणी पडे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवार झाली. तरी पाळीवर काम करणाऱ्याचा रविवार अजून पाळीच ठरवते. त्यामुळे श्रद्धेचा बराचसा भाग चर्चबाहेर चालतो: कामाच्या बसमध्ये ओढलेली जपमाळ, जेवणाआधीची क्रुसाची खूण, आजारी खोलीसोबत्यासाठी आणलेला डबा, घरी वेळेवर धाडलेले पैसे. पाहुण्याच्या नजरेला हे सहसा दिसत नाही.

उपासनेला मुभा आहे, मुसलमानांत धर्मप्रसाराला बंदी. मुसलमानेतरांच्या उपासनास्थळांसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र संघीय कायदा झाला.