बर्फातला वेस्टर्नपट : ‘डे ऑफ द आउटलॉ’

हंगेरीत जन्मलेले दिग्दर्शक आंद्रे द तॉथ यांचा १९५९ सालचा हा कृष्णधवल चित्रपट वेस्टर्नपटांच्या चर्चेत क्वचितच येतो. वायोमिंगमधील बर्फाच्छादित वस्तीत पशुपालक स्टॅरेट (रॉबर्ट रायन) काटेरी कुंपणाच्या वादातून एका शेतकऱ्याचा जीव घ्यायला निघतो. निमित्त कुंपणाचे; मन मात्र त्याच्या पत्नीवर जडलेले! गोळ्या सुटणार तोच दरोडेखोर आत शिरतात. त्यांचा म्होरक्या ब्रून (बर्ल आइव्हज) हा माजी लष्करी अधिकारी. गोळीने घायाळ असूनही साथीदारांना दारू आणि स्त्रियांपासून दूर ठेवतो तो हाच. त्याने प्राण सोडला तर गावाला वाली कोण? अखेर खुनाला निघालेला स्टॅरेटच टोळीला सुटकेच्या खोट्या आशेवर डोंगरात नेतो. तेथील हिमवादळाची दृश्ये आणि रायन यांचा थकलेला चेहरा विसरता येत नाही.