दाढदुखी, लवंग आणि मिश्री
दाढ ठणकू लागली की लवंग दाताखाली धरण्याचा उपाय महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लवंगेचे मूळ घर मात्र इंडोनेशियातील मालुकू बेटे. व्यापाराच्या गलबतांतून ती भारतात पोचली. चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी ती तोंडात धरायला सांगितली आहे. तिच्या तेलातील युजेनॉल मज्जातंतूंची संवेदना बोथट करते, म्हणून ठणका ओसरतो. पुढे दंतवैद्यांनीही झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दातांत भरायचे सिमेंट बनवले. आजीबाईच्या बटव्याचा हा केवढा मान! मिश्रीची गोष्ट उलटी. पोर्तुगीजांबरोबर आलेला तंबाखू भाजून केलेली ही पूड हिरड्यांवर घासण्याची सवय असंख्य बायकांना जडली. तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवला. लवंगेनेही कीड बरी होत नाही. ठणका थांबला तरी दंतवैद्याकडे जावेच.