वास्तूची वस्तू होताना

पूर्वी आपल्याकडे घराचे माप खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर केवढे, हे लाकूडच ठरवी. आज माप चौरस फुटांवर आले आणि ‘खण’ हा शब्द जुन्या कादंबऱ्यांच्या तळटीपांत जाऊन बसला.

लाकडी वास्तूंचा नाश म्हटला की आपल्याला आग आठवते. १७३० साली पाया घातलेल्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. जोती आणि तट तेवढे उरले. १८७९ साली बुधवारवाडा जळाला. परंतु आगीपेक्षा अधिक वाडे शांतपणे गेले. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे खचले. पुढे वाटण्या आणि जागेचे भाव यांनी उरलेले काम केले.

यात एक विपर्यास आहे. खाचेत खाच बसवून उभारलेला सागवानी सांगाडा सुटा करता येतो, पुन्हा जोडता येतो. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून असलेला हा गुणच वाड्याच्या मुळावर आला. कारण उभ्या वाड्यापेक्षा उतरवलेल्या लाकडाला गिऱ्हाईक लवकर मिळते. मार्केट यार्डापासून जवळच, भवानी पेठेत पुण्याचा लाकूडबाजार आहे. तुळई एकदा अशा बाजारात आली की ती कोणत्या गावची, कोणत्या सोप्यावरची, हे कोण विचारणार?

दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, कोरीव दारे-खिडक्या जमवल्या, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष संग्रहालयात पुन्हा उभे केले आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाला दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही संग्रहालयात वास्तूची वस्तू होते. वाईजवळ मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा कृष्णाकाठी आपल्या जागी उभा आहे. तेथे चौक, ओटी आणि घाट यांचे परस्परांशी असलेले नाते अजून वाचता येते.

खेड्यांतील निनावी वाड्यांना असे भाग्य नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कोरडी ठेवणे, एवढ्यावर त्यांचे आयुष्य अवलंबून असते. ते आपल्या हाती नसेल, तर निदान वाडा उतरण्यापूर्वी त्याचा आराखडा काढावा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी कडीपाट, तख्तपोशी, दिंडी हे शब्द जागेवर बोट ठेवून सांगणाऱ्या सुतारांकडून टिपून घ्यावेत. शब्दकोशात अर्थ मिळतो. तो शब्द घरात कोठे उभा होता, हे मात्र त्यांनाच ठाऊक आहे.