राइट बंधूंचा बाजारहाट

17 डिसेंबर 1903 या दिवसाचे ते प्रसिद्ध छायाचित्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. किटी हॉकचा वाळवंटी किनारा, जमिनीपासून हातभर उचललेले विमान आणि बाजूला थबकलेला विल्बर. या चित्रामुळे असा समज होतो, की दोघे भाऊ एकांतात गेले आणि तेथे त्यांना विमान सुचले. प्रत्यक्षात त्या विमानाचा पुष्कळसा भाग डेटन या ओहायो संस्थानातील कारखानदारीच्या गावात दुकानाच्या फळीवरून विकत घेतलेला होता. त्या बाजारहाटाकडे आपले इतिहासकार फारसे वळत नाहीत.

इंजिन तयार मिळावे म्हणून 1902 च्या डिसेंबरात बंधूंनी निरनिराळ्या कारखानदारांना पत्रे घातली. सुमारे आठ अश्वशक्तीचे, पण वजनाला हलके इंजिन त्यांना हवे होते. कोणी ते देऊ शकले नाही. मग ते काम सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याच्याकडे आले. या गृहस्थाचा पेट्रोल इंजिनांशी पूर्वीचा संबंध एवढाच, की 1901 साली त्याने एका मोटारीचे इंजिन दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता! दुकानात यंत्रे म्हणजे एक लेथ आणि एक भोके पाडण्याचे यंत्र. रीतसर नकाशे नव्हते; कागदाच्या तुकड्यावर आकृती काढावयाची आणि ती कामाच्या बाकावर टोचून ठेवावयाची. 31 इंच लांब, 6 इंच रुंद अशा पोलादी लादीवर टेलरने क्रँकच्या दांड्याची रेषा आखली, तिच्या कडेने भोके पाडली, नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडविला आणि उरलेले लेथवर चढविले. तयार दांडा 19 पौंडांचा झाला. सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले.

आता विजेचे पाहा. पेट्रोलची वाफ पेटविण्यास ठिणगी हवी. आजच्यासारखे स्पार्क प्लग त्या इंजिनात नव्हते. प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन धातूची टोके एकमेकांना चिकटत आणि नेमक्या क्षणी विलग होत. प्रवाह तुटला की ठिणगी उडे. हा प्रवाह पुरविणारा मॅग्नेटो डेटनमध्येच विकत मिळाला. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांवर चालणारे हे यंत्र फिरत्या चाकाच्या घर्षणाने चाले. परंतु इंजिन आधी फिरल्यावाचून ते पुरेशी वीज देणार नाही, आणि वीज मिळाल्यावाचून इंजिन सुरू होणार नाही! म्हणून सुरुवातीपुरते कोरडे विद्युत्घट जोडावयाचे आणि यंत्राने वेग घेतला की ते सोडवून जमिनीवरच ठेवावयाचे, अशी योजना होती. विमानावर घटांचे ओझे मुळीच गेले नाही. खटका म्हणाल तर लोखंडी सामानाच्या दुकानातला, कोणाही गिऱ्हाइकाला मिळणारा. पेट्रोल सोडण्याची चावी गॅसच्या दिव्याची. पाणी निवविण्याच्या पन्हाळ्या तर मोठ्या इमारतींत वरच्या मजल्यावरून खाली बोलण्याकरिता त्या काळी बसवीत त्या नळ्यांच्या होत्या. पंखांचे मलमलीचे कापडही डेटनच्याच एका पेढीतून आले.

याला काटकसर म्हणून सोडून देणे मला पटत नाही. काय विकत घ्यावे आणि काय घरीच घडवावे, याचा अचूक निवाडा त्यांत आहे. पंखे मात्र त्यांनी कोठूनही आणले नाहीत, कारण हवेत चालणाऱ्या पंख्याचे गणित बाजारात नव्हतेच. ते त्यांनी स्वतः मांडले. याच सुमारास सॅम्युएल लँगले यांना युद्धखात्याने 50,000 डॉलर दिले होते, आणि त्यांचे विमान 8 डिसेंबर 1903 रोजी दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळले. राइट बंधूंचा एकूण खर्च हजार डॉलरांच्या आत बसला.

गाव दूर असले म्हणजे काय होते, तेही त्यांनी भोगले. नोव्हेंबरात किटी हॉकला पंख्यांचे दांडे निकामी झाले. ते डेटनला पाठवून टेलरकडून दुरुस्त करवून आणले, तो दातेरी चक्रे सैल पडू लागली. ती सायकलच्या टायरला लावण्याच्या लुकणाने बसविली. पुढे दांड्यालाच चीर गेली. तेव्हा ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला, पोलादाचे नवे दांडे करवून 11 डिसेंबरला परतला, आणि सहाच दिवसांनी ते उड्डाण झाले. त्या दिवशीचे शेवटचे उड्डाण 59 सेकंदांचे, 852 फुटांचे. नंतर वाऱ्याने विमान उलथून मोडले.

ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. टेलरने छिन्नीने कोरलेला तो दांडा मात्र तेथे नाही. 1906 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी तो पाठविला, तो परत आलाच नाही; इंजिनात आहे तो नंतरच्या दुसऱ्या इंजिनाचा.